घरबसल्या पिक्चर: भाड्याचा हिशोब आपल्या सवडीवरून

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

  

आजचा विषय पिक्चरचा आहे. घरबसल्या पिक्चर बघायचा, तर तो परवडेल असा कसा बघायचा? विषय ऐकून काहींना हसू येईल. बचतीचं, खताचं, कर्जफेडीचं बोलायचं सोडून ह्या पिक्चरचं काय घेऊन बसल्या, असंही वाटेल. पण गेले काही महिने आम्ही गटागटांत जातो, तेव्हा बैठक संपल्यावर, चहा पिताना, हा प्रश्न हमखास निघतो. "ताई, कोणतं ॲप स्वस्त पडतं?" "पोरगं म्हणतंय वर्षाचे पैसे भर, भरू का?" "केबल काढून टाकली तर चालेल का?" प्रश्न हलक्या आवाजात विचारतात, जणू काही चोरीच आहे.

चोरी कसली? घरात चहा-तंबाखूचा खर्च होतो, पोरांच्या रिचार्जचा होतो, त्याची चर्चा कुणी करत नाही. बाईनं महिन्यातून दोन पिक्चर बघावे म्हटलं की लगेच पैशाची आणि वेळेची आठवण होते. म्हणून आम्ही ठरवलं, की याचा नीट, वहीत मांडता येईल असा हिशोब सांगायचा. हिशोब मांडलेला असला, की हलक्या आवाजात बोलावं लागत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. "कोणतं स्वस्त?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, वर्षाला आपण खरोखर किती पिक्चर बघतो. दोन, आपल्याला सवड कशी मिळते, सलग की तुकड्यातुकड्यांनी. ह्या दोन गोष्टी कळल्या की बाकीचं सोपं आहे.

पूर्वीचं आठवा. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तिकीट काढलं, सतरंजीवर बसलं, बघितला, घरी आलं. पुढं दूरदर्शन आलं, शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर, आणि टीव्ही असलेल्या घरात अर्धी आळी. मग व्हिडिओ आला. हळदीला नाहीतर गणपतीत एका रात्रीसाठी व्हिडिओ भाड्यानं आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि रात्रभर जागायचं. त्यानंतर सीडीचा जमाना. २००७ च्या सुमारास मोझर बेअर नावाच्या कंपनीनं पिक्चरची सीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्यानं आणण्यापेक्षा विकत घेतलेली बरी, असं लोक म्हणू लागले.

त्या काळात एक गोष्ट सरळ होती. भाडं किती ते समोर दिसायचं. एक रात्र, एक कॅसेट, इतके रुपये. आज पिक्चरचे पैसे तीन-चार वाटांनी जातात. थोडे केबलमधून, थोडे रिचार्जमधून, थोडे ॲपच्या वर्गणीतून. कुठलीच रक्कम फार मोठी दिसत नाही, म्हणून बेरीज कुणी करत नाही. ती आज करूया.

घरी पिक्चर बघण्याच्या वाटा चार. एकेक घेऊ.

पहिली वाट, महिन्याला काहीही न देता. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सरकारी छत्री २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, त्याला साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. त्यानंतर महिन्याचं भाडं शून्य. समजा ती छत्री पाच वर्षं चालली, तर दोन हजार भागिले साठ महिने, म्हणजे महिन्याला ३३ रुपये पडले. सह्याद्री वाहिनी त्यात असतेच, हिंदी पिक्चरच्या काही वाहिन्याही असतात. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा आहे का, एवढं विचारा. काही वाहिन्या त्याच्याशिवाय दिसत नाहीत. दुकानदार "महिन्याचं पॅक घ्यावं लागेल" म्हणाला, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी डिशबद्दल बोलतोय असं समजा. फ्री डिशला पॅक नसतं.

फुकटच्या वाटेत फोनही येतो. प्रसार भारतीनंच २०२४ च्या नोव्हेंबरात, गोव्याच्या चित्रपट महोत्सवात, वेव्हज नावाचं ॲप सुरू केलं. त्यात दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आणि काही पिक्चर बघायला मिळतात. यूट्यूबवरही कित्येक जुने मराठी-हिंदी पिक्चर त्यांच्या मालक कंपन्यांनी स्वतःच्या चॅनेलवर ठेवलेले आहेत. मध्ये जाहिराती येतात, पण पिक्चरचे पैसे लागत नाहीत. फक्त डेटा लागतो, त्याचं पुढं सांगतो.

ह्या वाटेत उणीव एकच. जे लागेल ते बघायचं. नवा पिक्चर हवा म्हटलं तर मिळेलच असं नाही.

दुसरी वाट, केबल किंवा पैशाची डिश. इथं महिन्याला ठरलेली रक्कम जाते. बऱ्याच जणींना माहीत नसतं, की २०१९ पासून ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पैशाच्या वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला वाहिनी सुटी निवडता येते. केबलवाला सांगेल तेच पॅक घ्यावं लागतं असं नाही. घरात झी टॉकीज किंवा प्रवाह पिक्चर एवढंच बघितलं जात असेल, आणि पॅकमध्ये इंग्रजी नि क्रिकेटच्या वाहिन्या भरलेल्या असतील, तर केबलवाल्या दादांना म्हणायचं, "दादा, आम्हाला सुट्या वाहिन्यांची यादी आणि त्यांच्या किमती द्या." दोन्हीची बेरीज करून बघायची. कधी पॅकच स्वस्त पडतं, हेही खरं. पण बेरीज केल्याशिवाय कसं कळणार?

तिसरी वाट, ॲपची वर्गणी. महिन्याची किंवा वर्षाची रक्कम भरायची आणि त्या ॲपमधले हवे तेवढे पिक्चर बघायचे. उदाहरणासाठी दोन आकडे घेऊ. नेटफ्लिक्सनं २०२१ च्या डिसेंबरात फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन महिन्याला १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. ॲमेझॉन प्राइमची वर्षाची वर्गणी १४९९ रुपये धरू. हे दर बदलत असतात, म्हणून भरायच्या दिवशी पडद्यावर दिसेल तोच आकडा खरा माना.

इथं दोन ठिकाणी फसगत होते. मोबाइलचा प्लॅन घेतला की तो टीव्हीवर चालत नाही. सगळ्या घरानं मिळून बघायचं म्हणून पैसे भरले आणि पडदा हाताच्या तळव्याएवढाच राहिला, असं होतं. म्हणून भरण्याआधी "टीव्हीवर चालतो का" हे वाचून घ्यायचं. दुसरं, वर्गणी भरली म्हणजे सगळेच पिक्चर आले असं नाही. काही पिक्चरना त्याच ॲपमध्ये वेगळं भाडं असतं.

आणि चौथी वाट, एकेका पिक्चरचं भाडं. आपल्या जुन्या कॅसेटीसारखंच. यूट्यूबवर, ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर अशी सोय आहे. प्राइम व्हिडिओवर २०२२ च्या एप्रिलपासून भाड्याचं दुकान वेगळं सुरू झालं, त्यासाठी वर्षाची वर्गणी भरलेली असावी लागत नाही. आमिर खानचा 'सितारे जमीन पर' २०२५ च्या जूनमध्ये थिएटरात आला आणि १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपये भाड्यानं ठेवला. तालुक्याला जाऊन थिएटरात बघायचा म्हटलं तर एकीचं तिकीट आणि एसटीचं जाणं-येणंच त्यापेक्षा जास्त होतं. इथं शंभरात सगळं घर बघू शकतं.

आता हिशोबाकडे येऊ. वही-पेन्सिल घ्या. नसेल तर मनात धरा, अवघड नाही.

नियम एवढाच: वर्षाची वर्गणी भागिले एका पिक्चरचं भाडं. वर्गणी १४९९ आणि भाडं साधारण १०० धरलं, तर उत्तर येतं १५. म्हणजे वर्षाला पंधरापेक्षा कमी पिक्चर बघणार असू, तर भाडं स्वस्त. जास्त बघणार असू, तर वर्गणी स्वस्त. महिन्याला १४९ चा प्लॅन वर्षभर ठेवला तर होतात १७८८ रुपये. त्याचं उत्तर जवळजवळ १८. केबलला महिन्याला समजा २५० जातात, वर्षाचे झाले ३०००. घरातली बाई त्यावर महिन्याला दोनच पिक्चर बघत असेल, तर वर्षाला चोवीस. एक पिक्चर पडला १२५ रुपयांना. पण थांबा, लगेच केबल तोडू नका. त्याच केबलवर सासूबाईंचं कीर्तन आहे, मालिका आहेत, घरच्यांच्या बातम्या आहेत. तेही मोजायला हवं. आम्ही एवढंच म्हणतो, की केवळ पिक्चरसाठी केबल ठेवली असेल, तर एक पिक्चर सव्वाशेला पडतोय हे माहीत असावं.

हे गणित करताना एक चूक बहुतेक घरांत होते. "आपण किती पिक्चर बघणार" असं विचारलं, की आपण मनातला आकडा सांगतो. "आठवड्याला एक तरी बघू की!" तसं होत नाही. म्हणून मागच्या तीन महिन्यांत खरोखर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, किती पिक्चर बघितले ते आठवा. ते गुणिले चार करा. तोच आपला वर्षाचा आकडा. अर्धा बघून झोप लागली, तो मोजायचा नाही.

आता डेटाचं. भाड्याचा पिक्चर असो, वर्गणीचा असो की फुकटचा, फोनवर बघितला तर डेटा जाणारच. साध्या दर्जात तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो. एचडी लावलं तर तासाला दीडपासून तीन जीबीपर्यंत जातो. आपला पिक्चर अडीच तासांचा. म्हणजे साध्या दर्जात सव्वा ते दोन जीबी, आणि एचडीत चार ते साडेसात. तुमच्या रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी असेल, तर एचडी लावल्यावर नायक-नायिकेची नीट ओळख होईपर्यंतच डेटा संपेल. मग पोरं वरून जास्तीचं पॅक मारतात, आणि शंभराचा पिक्चर दीडशेला जातो.

यावर उपाय सोपा आहे. पिक्चर लावला की दर्जाच्या खुणेवर जाऊन ४८० किंवा ३६० निवडायचं. फोनच्या छोट्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. दुसरं, बहुतेक रिचार्जमध्ये रोजचा उरलेला डेटा मध्यरात्री वाया जातो. ॲपमध्ये पिक्चर फोनवर उतरवून ठेवायची सोय असेल, तर रात्री जेवणं झाल्यावर उरलेल्या डेटावर तो उतरवायला लावायचा. आज अर्धा, उद्या अर्धा. उतरवलेला पिक्चर बघताना नेटही लागत नाही आणि रेंजही लागत नाही. वस्तीवर रेंज येत नसेल, तर बाजाराच्या दिवशी गावात उतरवून घ्या आणि घरी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इथं भाड्याच्या पिक्चरची खरी ग्यानबाची मेख आहे. भाडं भरलं की साधारण ३० दिवसांच्या आत पिक्चर सुरू करायचा असतो. आणि एकदा सुरू केला, की ४८ तासांत संपवायचा असतो. यूट्यूब आणि प्राइम व्हिडिओ दोन्हींकडे असाच रिवाज आहे. शनिवारी रात्री नऊला सुरू केला, तर सोमवारी रात्री नऊनंतर तो बंद. उरला असेल तर उरला. पुन्हा बघायचा तर पुन्हा भाडं.

शहरातल्या नोकरदार माणसाला ४८ तास भरपूर वाटतात. आपला दिवस कसा असतो? शनिवारी रात्री भांडी घासून बसलो, तासभर बघितला, लाइट गेली. रविवारी पाहुणे आले. सोमवारी खुरपणीला बाया लावलेल्या, संध्याकाळी धार काढून, भाकरी करून पाठ टेकली तेव्हा साडेआठ वाजले. पिक्चर अर्धाच राहिला. शंभर रुपये पूर्ण गेले. नियमात काही खोट नाही, पण तो नियम सलग सवड असणाऱ्या माणसाला धरून केलेला आहे. बाईची सवड सलग नसते. ती तुकड्यातुकड्यांची असते, आणि त्या तुकड्यांवर सगळ्या घराचा हक्क असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, स्वस्त-महाग नुसत्या रुपयांवर ठरवू नका. सवडीवर ठरवा. तीन गोष्टी सांगतो.

एक. सवड तुकड्यांची असेल, तर एकेक पिक्चर भाड्यानं घेणं महाग पडतं. तुम्हाला फुकटची वाट बरी, किंवा एका महिन्याची वर्गणी बरी. तिथं आज अर्धा तास, परवा अर्धा तास असं चालतं. वर्गणी वर्षाची घेऊ नका, महिन्याची घ्या. सुगीत बंद, सवडीत चालू. ऊस तोडून गेला, कामं हलकी झाली, पोरांना सुट्टी लागली, की एक महिना १४९ भरायचे. त्या महिन्यात सहा पिक्चर बघितले तर एक पडला २५ रुपयांना. महिना संपला की बंद करायचं.

दोन. भाड्याचाच पिक्चर हवा असेल, तर भाडं भरा, उतरवून ठेवा, पण सुरू करायचं बटण दाबू नका. ४८ तास मोजायला लागतात ते सुरू केल्यापासून. हाताशी ३० दिवस आहेत. अमावास्येला रानातलं काम बंद असेल, गावची यात्रा झाल्यावरचा निवांत दिवस असेल, तो दिवस हेरा. घरात आधी सांगून ठेवा, की अमुक दिवशी दुपारी एक ते चार आम्ही पिक्चर बघणार आहोत. लग्नाची तारीख सांगतो तशी सांगा. पोरांनाही कळू दे की कुणी बटणाला हात लावायचा नाही.

तीन. फोन कुणाच्या खिशात असतो, ते बघा. गटात आम्ही विचारतो तेव्हा "घरात स्मार्टफोन आहे" असं सगळ्या सांगतात. "दुपारी तो कुठं असतो?" असं विचारलं, की उत्तर येतं, मालकांबरोबर किंवा पोराबरोबर. मग ज्या दुपारी तुम्हाला सवड आहे, त्या दुपारी फोन घरात नाही. अशा घरात ॲपची वर्गणी कितीही स्वस्त असली, तरी तुमच्यासाठी ती वाया. तिथं भिंतीवरचा टीव्ही आणि फ्री डिश हीच खरी सोय. तुमचा स्वतःचा ईमेल खातं असेल, तर भाड्याचा पिक्चर त्या खात्याला चिकटलेला असतो, फोनला नाही. तेच खातं लावून दुसऱ्या फोनवर किंवा इंटरनेटच्या टीव्हीवरही तो बघता येतो. पण खात्याचा पासवर्ड आपल्याला माहीत हवा.

आता गटानं मिळून बघायचं म्हटलं तर? हा प्रश्नही येतो. पाच मैत्रिणींनी एकीच्या घरी बसून शंभराचा पिक्चर बघितला, तर वाट्याला २० रुपये आले. शेंगा भाजल्या, चहा केला, दुपार छान गेली. सवडीचा प्रश्नही सुटतो, कारण पाचजणींनी मिळून ठरवलेली वेळ घरात कुणी सहसा मोडत नाही. फक्त एक सांभाळा. भाड्याचा पिक्चर घरगुती बघण्यापुरता असतो. समाजमंदिरात पडदा लावून, गावाला बोलावून किंवा तिकीट लावून दाखवायचा असेल, तर पिक्चरच्या मालकांची परवानगी लागते. ती सोय भाड्याच्या शंभर रुपयांत येत नाही.

आता सावधगिरीचं. पैसे जातात ते नेहमी भाड्यातच जातात असं नाही.

एका गटातल्या ताईंनी आम्हाला सांगितलं. पोरानं एका ॲपवर "पहिला महिना फुकट" असं बघून तिचं खातं जोडलं. महिनाभर बघितलं, मग ॲप फोनमधून काढून टाकलं. ताईंना वाटलं, संपलं. पुढं पाच महिने दर महिन्याला खात्यातून पैसे जात राहिले. दुधाचं बिल जमा व्हायचं त्याच खात्यातून. रक्कम लहान, म्हणून लक्षात आलं नाही. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं.

झालं असं, की फुकटचा महिना घेताना ऑटोपे चालू झालं होतं. ऑटोपे म्हणजे दर महिन्याला आपणहून पैसे कापायची आपण दिलेली परवानगी. ॲप काढून टाकलं तरी परवानगी तशीच राहते. ती वेगळी बंद करावी लागते. तुमच्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाची जागा असते, तिथं जाऊन चालू असलेल्या परवानग्या दिसतात. नको ती तिथंच रद्द करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, म्हणून तसे मेसेज न वाचता पुसू नका. वाचता येत नसतील तर गटातल्या कुणाकडून वाचून घ्या.

दुसरा धोका लिंकचा. नवा पिक्चर लागला की दुसऱ्या दिवशी "फुकट बघा" अशी लिंक फिरते. ती दाबली की एखादी एपीके फाइल उतरवायला सांगतात. ती फाइल उतरवू नका. तिच्यातून फोनमधले मेसेज, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. शंभर रुपये वाचवायला गेलं आणि खातं रिकामं झालं, असा तो सौदा आहे. शिवाय चोरून चित्रण केलेले पिक्चर पसरवणं गुन्हा आहे. २०२३ च्या सुधारित कायद्यात त्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. घरातल्या पोरांना हा आकडा सांगून ठेवा.

तिसरं, पैसे परत मिळवून देतो म्हणून फोन आला, तर लक्षात ठेवा: पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त देण्यासाठी असतो. पिन मागितला की फोन ठेवून द्यायचा. तरीही फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर कळवा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि फसवणूक नाही, पण सेवेबद्दल तक्रार आहे, पैसे घेतले आणि पिक्चर चाललाच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. हे दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

शेवटी, पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. अर्ध्या तासाचं आहे. वहीच्या एका पानावर चार रकाने आखा. पहिल्यात लिहा, मागच्या तीन महिन्यांत पूर्ण बघितलेले पिक्चर किती. दुसऱ्यात, केबल, डिश, वर्गणी आणि जास्तीचा डेटा मिळून तीन महिन्यांत गेलेले पैसे किती. तिसऱ्यात, सवड सलग मिळते की तुकड्यांची. चौथ्यात, त्या सवडीच्या वेळी घरात काय असतं, टीव्ही की फोन. प्रत्येकीनं आपापलं लिहायचं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, शेजारणीनं लिहायचं. दुसऱ्या रकान्याला पहिल्या रकान्यानं भागलं, की एक पिक्चर आपल्याला कितीला पडतो ते कळेल. तिसरा आणि चौथा रकाना बघून चारपैकी कोणती वाट आपली, ते प्रत्येकीला आपलं आपण ठरवता येईल.

आमचा अंदाज सांगतो. बऱ्याच जणींच्या पहिल्या रकान्यात शून्य येईल. पैसे जातात, पण पूर्ण बघितलेला पिक्चर एकही नाही. असं आलं तर ते लपवू नका. तो आकडा घरी नेऊन दाखवा. घराच्या करमणुकीवर पैसे जातात, आणि त्यातली तीन तासांची करमणूकही घरातल्या बाईच्या वाट्याला येत नाही, हे आकड्यात दिसलं की बोलणं सोपं होतं. त्यावर भांडायची गरज नाही. "ह्या महिन्यात एक दुपार माझी" एवढं मागायचं. ती दुपार मिळाली, तर फ्री डिशवरचा जुना पिक्चरही गोड लागतो. नाही मिळाली, तर सगळ्यात स्वस्त वर्गणीसुद्धा महागच.

तुमच्या गटाचं पान तयार झालं की केंद्रावर कळवा. कुणी कोणती वाट निवडली आणि का, ते पुढच्या महिन्यात तुमच्याच आवाजात ऐकवू. कोणता पिक्चर बघितला, तेही सांगा. आम्हालाही बघायचाय.

तर मैत्रिणींनो, आज इथंच थांबतो. पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. नमस्कार.